सुरय आणि पाकट

अन्याय नदीसुरय पक्ष्यावर झाला, आमच्या कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी. सुक्या मासळीचा वास आला की माझा अजून जळफळाट होतो. उन्हाळ्यात जायकवाडी धरणाच्या उघड्या वाळूत घातलेली सुरयाची अंडी गाड्यांखाली चिरडली जातात, हे लोकांना कळावं म्हणून मी त्याचं चित्र रंगवलं होतं. शेजारी मैत्रिणीनं पाचोडच्या बाजारातला पंख पसरलेला, चपटा, सुका पाकट मासा पुठ्ठ्यावर ठोकला होता. सगळी गर्दी तिच्याकडं. "हे तर पाण्यातलं पाखरूच की!" परीक्षक म्हणाले. "सर, पण ते मेलेलं हाय," मी फणकारले. ती हसली, "तुझं जितं हाय व्हय? मग आण की इथं!" बक्षीस तिला. दर्शनी भिंतीवर वर्षभर तिचा पाकट आणि माझा सुरय कपाटामागं. तिचा हेवा आजही वाटतो, वाटू दे. तुम्ही मात्र उन्हाळ्यात धरणाच्या वाळूवर गाडी घालू नका.