काठावरचे काळे टिपके

“तुही कल्हई नकली हाय, रत्नाबाई! कालच तू केली न आज पाह्य, कटोरा कसा काळा पडला!”

“ओरडू नोको गा, कमलेशभाऊ. कशावर तापवला?”

“गॅसवर. आणखी कशावर तापवतेत?”

रत्नाबाई जवळच्या कारधा गावची. नवरा गेल्यावर त्याचा भाता तिनं उचलला. “बाई कल्हई करते?” म्हणून हसणारेच आता भंडाऱ्याच्या भांडेबाजारात तिच्यापुढं पितळ घेऊन बसतात. लग्नसराईचे दिवस होते, पाच बाया रांगेत होत्या. कमलेशचा आवाज ऐकला न दोघींनी आपली भांडी उचलली. तिसरीचाही हात पिशवीकडं गेला. वीस वर्षांचं नाव बुडायला एवढं पुरे होतं.

रत्नाबाईनं कटोरा उलटा केला. बूड पिवळंजर्द. आत कल्हई आरशासारखी. जळलं होतं ते फक्त काठावर, टिपक्याटिपक्यानं.

“गॅसची आच खालून लागते ना? मंग बूड साबूत, न काठच कसा जळला?”

कमलेश डोकं खाजवू लागला. मागून त्याची बायको रक्षा हळूच बोलली, “नव्या मायक्रोवेव्हमंधी दूध ठेवलं होतं जी. चटचट चिनग्या उडाल्या. यायलेच वाटलं, स्टील चालत नाही, पण पितळ शुद्ध असते, चालते.”

“देवापुढं चालते गा, मशीनमंधी नाही!” रत्नाबाई म्हणाली तशा बाया खिदळल्या. “धातू म्हणून कोणताच ठेवायचा नाही. पुतणी तृप्तीच्या घरी म्याच सोनेरी काठाचा कप ठेवला होता. अशीच दिवाळी झाली. तृप्तीनं मले असं झापलं का दोन रोज तिच्या सयपाकघरात पाय नाही ठेवला.”

“मंग ठेवावं कायमंधी, बाई?” रक्षानं विचारलं.

“काच, नाहीतं चिनी माती. पण मशीनमंधी चालते असं बुडाले लिहलं पाहिजे. दुकानातला प्लास्टिकचा डब्बा उचलून ठेवू नोको. न झाकण घट्ट लावू नोको, वाफेले वाट पाहिजे.”

बोलता बोलता तिनं काठ चिंचेनं घासला, तापवला, कथील फिरवलं, कापसाचा बोळा मारला. कटोरा लखलखला.

“चुकलं, बाई,” कमलेश पुटपुटला.

“आला तेव्हा ओरडला ना? तेवढ्याच जोरानं बोल.”

“चुकलं माहं! कल्हई एक नंबर हाय!”

बाजाराच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. उचललेली भांडी परत जागेवर आली. वर दोघींत पहिला नंबर कोणाचा, यावरून जुंपली.

“भांडा तुमी,” म्हणत रत्नाबाईनं तिसरीचंच पातेलं निखाऱ्यावर ठेवलं, नवसागराची चिमूट टाकली आणि धुरात डोळे मिचकावत भाता मारू लागली.