मागच्या रांगेतली दोघं

माझे बाबा लाकडाला पॉलिश करतात. वय अठ्ठ्याहत्तर, नजर अधू. पण टेबलावरून तळहात फिरवून कुठे काम कमी पडलंय ते अजून सांगतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फडक्याच्या बोळ्यावर घ्यायची आणि बोळा फिरवत राहायचं. मध्येच थांबला की डाग पडलाच. म्हणून काम चालू असताना दुकानात बोलायला सक्त बंदी. तोंड उघडायची मुभा फक्त टेपरेकॉर्डरमधल्या चार केसाळ माणसांना. त्यांचा रॉक बँड बाबांनी जन्मभर ऐकला. मला त्या चौघांचा मनापासून राग. शाळा सुटल्यावर मी कोपऱ्यात गप्प बसायचो आणि हे बाबांच्या कानाशी खुशाल बोंबलायचे. कळता झाल्यावर मी चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आणि बाबांच्या दुकानाकडे फिरकलो नाही. आता शाळा सुटल्यावर माझी चौदा वर्षांची लेक तिथे जाऊन बसते. तिला म्हणे गाण्याबरोबर गायची परवानगी आहे.

त्या बँडवर सिनेमा आला. लेकीने परस्पर तीन तिकिटं काढली. दोन शेजारी शेजारी, एक पुढच्या रांगेत.

"पप्पा, तू पुढे बस. तुला कुठे आवडतात ती गाणी?"

म्हणजे वडील माझे, लेक माझी आणि उपरा मी!

सिनेमा सुरू झाला आणि मागून खुसखुस सुरू झाली. बाबा तिला सांगत होते, विशीत ते दिवसभर सायकल मारत ह्यांचा कार्यक्रम ऐकायला गेले होते. तिकीट मिळालं नाही, मग भिंतीबाहेर उभं राहून ऐकलं. सत्तेचाळीस वर्षांत ही गोष्ट मला कळली नव्हती. पडद्यावर ड्रम वाजला की दोघं ताल धरत, तोही माझ्या खुर्चीच्या पाठीवर. पोटच्या पोरीवर जळणं शोभत नाही, ठाऊक आहे. पण मी जळत होतो. चांगला धुमसत होतो.

मध्यंतरात मी बाबांना गाठलंच. "मला कधी सांगितलं नाहीत हे."

"तू कधी विचारलंस?"

"विचारायला तोंड उघडू द्यायचात का?"

बाबांनी पॉपकॉर्नचा पुडा माझ्यापुढे धरला. मी घेतले नाहीत.

मध्यंतरानंतर बाबांचं सगळ्यात लाडकं गाणं लागलं. लेक मोठ्याने गायला लागली आणि एका कडव्यानंतर अचानक बारीक, रडका आवाज काढून म्हणाली, "बाबा, बस झालं ना आता! मला भूक लागलीय!"

आजूबाजूचे लोक हसले. पडद्यावरचा गवई आपला पुढे गातच होता.

ते शब्द माझे होते. नऊ वर्षांचा असताना एकदा असह्य होऊन मी टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं होतं आणि त्याच गाण्यावर ओरडलो होतो. बाबांनी ती कॅसेट फेकून दिली असणार, असं मी धरून चाललो होतो.

मागून लेक कुजबुजली, "आजोबा, इथे पप्पा ओरडत नाही तर किती रिकामं वाटतं!"

"हो ना," बाबा म्हणाले. "म्हणून तर दुसरी कॅसेट आणली नाही."