प्राजूच्या कोटाचा उजवा खांदा

सांगायची लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या घरात शिवलेला एक उत्तम कोट मी बिघडवला. तोही सुधारायला गेले म्हणून. हसायचं तर हसा, पण चहा संपेपर्यंत थांबा.

माझे सासरे, आबा, शिंपी. कोथरूडमध्ये त्यांचं दुकान होतं आणि नवरदेवाचा कोट म्हटलं की लोक त्यांच्याकडेच यायचे. मग रेडिमेडची दुकानं आली. आबांचं दुकान बंद झालं आणि मशीन आमच्या गॅलरीत आलं. सोसायटीतल्या बायका साडीला फॉल लावायला द्यायच्या. कोट शिवणारा माणूस फॉल लावत होता. तक्रार नाही, पण बोलणं कमी झालं.

माझी मुलगी प्राजक्ता तेव्हा खराडीला कंपनीत लागली होती. दोन बस बदलून जायची, खांद्याला लॅपटॉपची जड बॅग. कंपनीनं तिला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. तिथं कोट लागणार, तर ती म्हणाली, विकत घेते.

आबा म्हणाले, "घे की. मी आहेच फॉल लावायला."

झालं. दुसऱ्या दिवशी आजोबा नातीचं माप घेत होते. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "शैला, हा नीट बसला तर प्राजूच्या लग्नातला ब्लाउजही मीच शिवीन. नाही बसला तर मशीन बंद."

तीन आठवडे चाललं. कच्चे टाके घालून त्यांनी तिला कोट चढवून पाहिला, त्या रविवारी मी नेमकी वाघोलीला बहिणीकडे. मी पाहिला तो थेट पूर्ण झालेला, हँगरवर. आणि काय पाहते? उजवा खांदा डाव्यापेक्षा वर! चांगला फुगलेला.

म्हटलं, आबांचं वय झालं, नजर गेली, आता हा वाकडा कोट घालून पोर परदेशात जाणार, आणि आबांचं मशीन बंद होणार. तुम्ही काय केलं असतं? गप्प बसला असता. शहाणे आहात. मी कोट पिशवीत घातला आणि आबा दुपारी झोपलेले असताना चौकातल्या ड्रेस शिवणाऱ्याकडे गेले.

त्यानं खांदा चाचपला आणि हसला. "काकू, कुणी शिवलाय? एका खांद्यात एक पॅड, दुसऱ्यात दोन."

मीही हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

त्यानं जादा पॅड काढलं, दोन्ही खांदे सारखे केले, उरलेलं कापड कापून टाकलं. संध्याकाळी कोट परत हँगरवर. एकदम सरळ. मी समाधानानं भाजी निवडायला बसले.

जायच्या दिवशी खाली गाडी हॉर्न वाजवत होती. प्राजूनं बॅगेत जागा नाही म्हणून कोट अंगावरच चढवला. आबा गॅलरीतल्या खुर्चीवर होते. म्हणाले, "वळ जरा."

ती वळली. उजवा खांदा खाली लोंबत होता आणि मानेपासून काखेपर्यंत एक मोठी चुणी. पोर गुणाची, "मस्त झालाय, आबा," म्हणत नमस्कार करून पळाली. आबांना कोटाला हात लावायलाही मिळाला नाही.

गाडी गेल्यावर ते म्हणाले, "मशीनवर चादर घाल."

आणि माझी अक्कल बघा. मनात आलं, आपण दुरुस्त करूनही एवढा वाकडा, तर मुळात केवढा वाकडा असेल! वेळीच नेला म्हणून बरं.

आबांनी फॉलसुद्धा घेणं बंद केलं. बायकांना सांगायचे, हात गेलाय. दिवसभर खुर्चीत बसायचे, हात मांडीवर उपडे. प्राजूनं तिकडून फोटो पाठवला, त्यातही तीच चुणी. आबांनी तो पाहिला आणि माझ्याकडे परत दिला.

दिवाळीची साफसफाई करताना मशीनच्या खणात त्यांची मापाची वही सापडली. एक पान प्राजूचं. पाच वर्षांची असतानाच्या फ्रॉकपासूनची सगळी मापं, एकाखाली एक. शेवटी लिहिलं होतं: 'कोट. उजवा खांदा पाऊण इंच खाली. बॅगेमुळे. दोन पॅड घालणे. पोरीला सांगू नये, वाईट वाटेल.'

वही घेऊन मी आबांच्या खुर्चीपाशी गेले.

आबांना सगळं सांगितलं. रडत सांगितलं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "अस्तर तरी नीट बसवलं का त्यानं?"

"नाही पाहिलं, आबा."

"पाहायचं होतं. एवढं पाहिलंस, तर तेही."

त्यांनी स्वतः चादर काढली. पण मधले महिने हात रिकामे होते. सुईत दोरा जाईना, कात्री रेषेवर राहीना. मला वाटत होतं की त्यांचा हात गेलाय, तेव्हा तो शाबूत होता. माझ्यामुळे मशीन बंद पडलं आणि मग तो खरंच गेला.

प्राजूचं लग्न ठरलं तेव्हा तेच म्हणाले, "तिचा ब्लाउज बाहेर दे. तुझा मी शिवतो. तू तक्रार करायची नाहीस."

ब्लाउज झाला. डावा खांदा सैल, वर आलेला. या वेळी मी कुठे नेते? म्हटलं, आबांनी आपल्या खांद्यात काहीतरी पाहिलं असणार, अंगावर बरोबर बसेल. लग्नाच्या सकाळी घातला तर खांदा घसरून दंडावर. घाईघाईनं वही उघडली. माझं पान काढलं. 'शैला. दोन्ही खांदे सरळ.'

कार्यालयात आबा पहिल्या रांगेत बसले होते. मला पाहून म्हणाले, "वळ जरा."

मी डावा खांदा वर उचलला, श्वास रोखला आणि वळले.

"बसला," आबा म्हणाले.

मग तो खांदा मी पाठवणीपर्यंत खाली आणला नाही. आबा त्याच वर्षी गेले. अल्बम पाहणारा प्रत्येक जण विचारतो, "शैलाताई, तेव्हा खांदा धरला होता का हो?"

मी म्हणते, हो. कोट दुरुस्त केला होता ना, तेव्हापासून.