टेबलाखालचा नमस्कार

देवव्रत माझा धाकटा भाऊ, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा. तो रामकुंडावर पौरोहित्य करतो. आवाज असा की ह्यानं इकडे संकल्प सांगायला सुरुवात केली की शेजारच्या गुरुजींचे यजमानही चुकून पाणी सोडतात. सकाळपासून दुपारपर्यंत माणसं त्याच्या पाया पडत असतात. घरी आल्यावर मात्र आशीर्वाद कुणी मागत नाही, दळण आणलं का एवढंच विचारतात.

त्याची लेक सई नऊ वर्षांची. तिला बुद्धिबळाचा नाद कुठून लागला, देव जाणे. आमच्या घराण्यात कुणी पटाला हात लावलेला मला आठवत नाही. देवव्रतला तर अजून घोड्याची चाल समजलेली नाही. "अडीच घरं म्हणता, पण ते अर्धं घर नेमकं कुठलं?" असं तो विचारतो आणि सई कपाळावर हात मारून घेते.

तर या सईची गेल्या वर्षी मुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. स्पर्धा कझाकस्तानात, अल्माटीला. मुलाबरोबर एक पालक न्यायचा होता. मालिनीला, म्हणजे माझ्या भावजयीला, बँकेतून रजा मिळेना, म्हणून देवव्रतचं नाव पुढे आलं आणि आम्ही सगळे काळजीत पडलो. हा माणूस काशी-गयेच्या पलीकडे कधी गेलेला नाही. शाळेत इंग्रजी शिकला होता, पण ते तिथंच ठेवून आला.

"देवू, तिथं जरा कमी बोल हो," मी त्याला बजावलं.

"ताई, मला तिथलं येतंय काय बोलायला? गप्पच बसणार."

देवव्रत आणि गप्प! मी मालिनीकडे पाहिलं, तर ती हसू दाबत बॅग भरायला आत निघून गेली. बॅगेत मेतकूट, तुपाची बरणी, शेंगदाण्याचे लाडू आणि छोटा कुकर. पायांत आयुष्यातले पहिले बूट, तेही चावणारे. असा आमचा भाऊ विमानात बसला.

आणि खरंच तिथं त्याला गप्प बसावं लागलं. खेळ चालू असताना पालकांना आत सोडत नाहीत. मुलं आत गेली की दार बंद, आणि बाहेर खुर्च्यांवर देशोदेशीचे आईबाप नखं खात बसलेले. देवव्रतच्या शेजारी तिथलीच एक आजी बसायची, आयझान नावाच्या नातीला घेऊन आलेली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. आजीनं ह्याला सफरचंद दिलं, ह्यानं आजीला लाडू दिला, आणि तेवढ्यावर त्यांची ओळख घट्ट झाली.

पुढे एका फेरीत सईची गाठ नेमकी आयझानशी पडली. डाव सुरू होऊन बराच वेळ झाला होता. अचानक दार उघडलं आणि एक उंच पंचबाई बाहेर आल्या. त्यांनी देवव्रतला आणि आजीला बोटानं बोलावलं.

"युवर डॉटर," त्या देवव्रतला म्हणाल्या, "किकिंग."

दोन्ही मुली टेबलाखाली एकमेकींना लाथा मारताहेत, टेबल हलतंय, सई तर दर थोड्या वेळानं टेबलाखालीच जातेय, अशी तक्रार होती. घड्याळ थांबवून मुलींना बाजूच्या खोलीत आणलं होतं. लाथा मुद्दाम मारल्या असतील, तर जिनं सुरुवात केली तिचा हा डाव गेला आणि स्पर्धेतूनही ती बाहेर, असं पंचबाईंनी सांगितलं. सुरुवात कुणाची, तर सईची, असं दिसत होतं. आयझान लालबुंद होऊन खाली बघत होती. सईला हुंदके आवरत नव्हते, मग इंग्रजी कुठून फुटणार?

देवव्रत दारातूनच म्हणाला, "नो. नो किक. माय सई, नो." मग चावरे बूट करकरवत तिच्यापुढे उकिडवा बसला आणि तिला जवळ घेतलं.

"बाबा, माझा पाय लागला तिला," सई हुंदके देत म्हणाली. "म्हणून मी पाया पडले. मग तिनं मला पाय लावला. मग मी परत पाया पडले. मग तिनं परत लावला."

आता यात अर्धा दोष आमच्या घराचा आहे. कुणाला पाय लागला की वाकून त्याच्या पायाला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा, हे आमच्याकडे मूल चालायला लागल्यापासून शिकवतात. सईचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत, ते सारखे हलतात. डावात बोलायला मनाई, म्हणजे सॉरी म्हणायची सोय नाही. म्हणून आमच्या सईबाई खुर्चीवरून घसरून टेबलाखाली वाकायच्या, नमस्कार करायच्या, आणि त्या घसरण्यात पाय पुन्हा लागायचा. पण ती दुसरी पोरगी उलटून पाय का लावत होती, ते देवव्रतलाही कळेना.

हे सगळं पंचबाईंना सांगायचं कसं? शेवटी तो उठला, आजीसमोर उभा राहिला आणि आपला बूट तिच्या बुटाला हळूच लावला. सगळे दचकले. मग हा वाकला, आजीच्या बुटाला हात लावून तो कपाळाला नेला, आणि सईकडे बोट दाखवून म्हणाला, "सई. सेम."

आजीनं काय करावं? सवयीनं, विचारबिचार न करता, तिनं आपला पाय उचलला आणि देवव्रतच्या बुटावर अलगद टेकवला. मग तिचं तिलाच काय ते उमगलं आणि ती इतकी हसायला लागली की तिला खुर्ची द्यावी लागली. हसता हसताच तिनं पंचबाईंना त्यांच्या भाषेत भराभरा काहीतरी सांगितलं. पंचबाईंनी ते देवव्रतला सोप्या इंग्रजीत, खुणा करत सावकाश समजावलं. त्यांच्याकडे कुणाचा पाय आपल्या पायावर पडला, तर आपणही त्याच्या पायावर हलकेच पाय ठेवायचा. नाही ठेवला तर दोघांत भांडण होतं म्हणे.

म्हणजे बघा, एक माफी मागत होती, दुसरी भांडण टाळत होती, आणि या सभ्यपणापायी आमची सई स्पर्धेतून हाकलली जायच्या बेतात होती!

डाव पुढे चालू ठेवायला पंचबाईंनी परवानगी दिली, पण पाय आता आवरायचे म्हणाल्या. देवव्रतनं सईला मांडी घालून बसायला सांगितलं. सई खुर्चीवर सत्यनारायणाला बसल्यासारखी बसली. आयझाननं तिच्याकडे पाहिलं आणि तिनंही मांडी घातली.

सई तो डाव हरली. आयझान चांगलीच खेळणारी होती, त्यात पायांचा काही संबंध नव्हता.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी मालिनीकडेच होते. देवव्रत मागे कुकरशी झटापट करत होता. हा सगळा प्रकार सईनंच आम्हाला हातवारे करून सांगितला. हसून हसून आमची पोटं दुखली. पण माझ्या मनात एक शंका होतीच. परक्या देशात पंचांनी लेकीची तक्रार करायला बोलावलं म्हटल्यावर मी तर आधी पोरीलाच फैलावर घेतलं असतं.

"बाबा रागावला असेल ना गं तुला आधी?" मी विचारलं.

"नाही," सई म्हणाली. "आत्या, मला सगळ्यांनी विचारलं, लाथ मारलीस का? पंचबाईंनी विचारलं, दुसऱ्या पंचांनी विचारलं, नंतर भेटल्यावर आमच्या टीमबरोबरच्या सरांनीसुद्धा विचारलं. बाबानं विचारलंच नाही. तो आला आणि दारातूनच नो म्हणाला."