निळ्या धाग्याचं रफू

पहिल्या पानावर तुमच्या आजोबांचे तळपाय छापले होते. वर मथळा विमान पळवणाऱ्यांचा.

मुलांनो, ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या पार्सिपनीजवळच्या एका छोट्या वृत्तपत्रात मी फोटोंची कपाटं सांभाळायचे. संपादकांनी अंक माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, "तुझ्या लोकांनी आज पहिलं पान पटकावलं." शेजारचे दोघे हसले.

फोटोत सजद्यात, कपाळ जमिनीला टेकवून वाकलेल्या माणसांच्या ओळी. चेहरा एकही नाही. नुसत्या पाठी आणि तळपाय. खाली दोन शब्द, 'संतापलेला धर्म'. शेवटच्या ओळीत एका तपकिरी मोज्याच्या टाचेवर निळं रफू. तपकिरी धागा संपला म्हणून मीच घातलेलं.

शाळेची जिम भाड्याने घेऊन आम्ही तिथे ईदचा नमाज पढलो होतो. विमान पळवणारे हजारो मैलांवर. तुमचे आजोबा औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. त्या सकाळी त्यांना एकच काळजी होती, घरी मंद आचेवर ठेवलेला शीरखुर्मा तळाला लागेल याची.

आता माझी चूक सांगते. संपादकांना तो फोटो ज्या पाकिटात सापडला, त्यात तो मीच ठेवला होता.

आमच्या वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने ईदच्या दिवशी गळाभेटी टिपल्या होत्या, नव्या कपड्यांतली मुलं टिपली होती. पण कपाटाची एक टाइप केलेली यादी होती. यादीत जो विषय असेल, त्याच्याच पाकिटात फोटो जायचा. नाताळला अख्खा खण. ईद यादीत नव्हती. 'मुस्लिम' या शब्दापुढे लिहिलं होतं, 'दहशतवाद पाहा'. मी शिस्तीची. चिपळूणच्या शाळेपासून कधी यादीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. एका प्रसंगाचा एकच फोटो जपायचा, म्हणून नमाजाचा त्या पाकिटात ठेवला. हसणारी मुलं कचऱ्याच्या टोपलीत टाकली. पाकिटावर तारीख घातली. सुवाच्य अक्षरात.

घरी आजोबांनी अंक पाहिला. "रफू मात्र छान आलंय," म्हणाले. जेवून हात धुताना म्हणाले, "कारखान्यात नोटीस बोर्डावर लावलाय. पुढच्या ईदला मी जिममध्ये येणार नाही."

"तुम्हाला कुणी ओळखलं का?"

"कुणीच नाही. मी ओळखलं."

दुसऱ्या दिवशी तो अंक घेऊन संपादकांपुढे उभी राहिले. "हे माझे मिस्टर आहेत. दुरुस्ती छापा."

"चेहरा कुठे दिसतोय? कपाटातला फाइल फोटो आहे, डिअर. तुम्ही लोक फार मनाला लावून घेता."

मी जागेवर आले. टाइपरायटरवर यादीत एक नवी ओळ घातली: ईद. फोटोच्या मागे आजोबांचं नाव लिहिलं. केमिस्ट, असं लिहिलं. नव्या पाकिटात ठेवला.

काही आठवड्यांनी कुठेतरी बॉम्ब फुटला. संपादक आले. "तो नमाजाचा फोटो काढ."

"यातल्या कुणाचा त्या बॉम्बशी संबंध आहे?"

"ते बघणं तुझं काम नाही. फोटो काढून देणं तुझं काम आहे."

"मग हे काम मी करणार नाही."

पाकीट छातीशी धरलं होतं. दुपारच्या आत मला नोकरीवरून काढून घरी पाठवलं. दुरुस्ती कधीच छापली नाही.

पुढच्या ईदला आजोबांसमोर तेच तपकिरी मोजे ठेवले. त्यांनी निळ्या रफूवरून बोट फिरवलं. मग चढवले.

जिमच्या दारात दुसऱ्याच वृत्तपत्राचा छायाचित्रकार होता. ओळींच्या मागे जागा शोधत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "नमाज संपू दे. मग समोरून काढ. आणि प्रत्येकाचं नाव लिहून घे. स्पेलिंग मी सांगते."

"मॅडम, मला तेवढा वेळ नाही."

मी दारातून हलले नाही. अजूनही हललेले नाही.