मामींनी शोधलेली कारणं

१२ एप्रिल १९७६. कुरडयांसाठी भिजवलेला गहू वाटून झाला होता, चीक गाळायचा राहिला होता. मदतीला माझ्या नवऱ्याच्या मामी कोरेगावहून इस्लामपूरला आल्या होत्या. मामी आता नाहीत. पण दुसऱ्याच्या वागण्याला चांगलं कारण शोधून देणारं त्यांच्यासारखं माणूस साऱ्या सातारा-सांगलीत दुसरं झालं नसेल. ही कारणं बहुतेक वेळा साफ चुकीची असत, आणि त्याचं मामींना काही वाटत नसे. त्यांच्या अंगणातून कुणी पितळी डबा पळवला, तर म्हणाल्या, "पाव्हणं आलं असतील गं त्याच्याकडं," आणि झाकण मागे राहिलं म्हणून दिवसभर हळहळल्या. एसटीचा कंडक्टर खेकसला, तेव्हा मामींनी ठरवलं की त्याला बूट चावतो आहे. "सायेब, नाडी जरा सैल करा," असं त्यांनी भर गाडीत सांगितलं. कंडक्टरच्या पायात चपला होत्या.

मला या प्रकाराचा वैताग येई. कामाच्या घरात इतका चांगुलपणा परवडत नाही. त्या दिवशी मात्र शेजारच्या वहिनींच्या घरात सुनेवरून रण पेटलं होतं. नवी सून चार महिन्यांतच गर्विष्ठ ठरली होती. हाक मारल्याशिवाय ओळख दाखवत नाही, रस्त्यात समोरून जाते पण हसत नाही. आदल्या आठवड्यात अंगणात उभ्या असलेल्या आत्तेसासूबाईंच्या पुढून ती नमस्कार न करताच निघून गेली. वहिनींनी म्हसवडला तिच्या वडिलांना निरोप धाडला: उद्या येऊन मुलगी घेऊन जा.

"पोर आईसाठी रडत असंल. डोळ्यांत पाणी असलं की मानूस दिसत न्हाई," मामी म्हणाल्या आणि माझ्या डब्यातले चार लाडू घेऊन चालत्या झाल्या.

"मामी, चीक कोण गाळणार?" मी ओरडले.

तासाभराने परतल्या. कारण याही वेळी चुकलं होतं. पोर रडत नव्हती, तिला लांबचं दिसतच नव्हतं. चष्मेवाल्या मुलीचं लग्न जमत नाही म्हणून आईने चष्मा खणात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी घातला होता आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. लाडू खाता खाता पोरीने ती मोडली.

तरुण पोरींना मी एवढंच सांगेन की कुणाचं वागणं खटकलं, तर आधी एखादं बरं कारण मनाशी धरावं. ते चुकलं तरी बिघडत नाही. लाडू घेऊन विचारायला तरी जाता येतं. वाईट कारण धरलं की आपण घरातच बसतो.

मामी तशाच मला घेऊन वहिनींकडे गेल्या.

"म्हणजे फसवलं की आम्हाला!" वहिनी कडाडल्या.

"आवं, फसवलं न्हाई, भ्याली ती मानसं."

"चष्मेवाली सून! लोक काय म्हणतील?"

"म्हनू द्या की. आता तिला त्ये लोक दिसतील तरी."

वहिनी तणतणत आत गेल्या. आम्ही उठून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर चीक शिजवून ठेवला आणि खाली वाकून पाहिलं. वहिनींच्या ओट्यावर सुनेचे वडील टोपी हातात धरून बसले होते. शेजारी ट्रंक होती.

"वहिनी, हात कमी पडतोय. चीक गार व्हायच्या आत सुनेला पाठवा," मी म्हणाले.

मग आतून वहिनींचा आवाज आला, "जा गं. आणि तो चष्मा घालून जा, जिन्यात पडशील. व्याहीबुवा, तुम्ही जेवूनच निघा आता. ट्रंक आत ठेवा."

पोर वर आली. चष्म्यातून तिने सगळी गच्ची पाहिली, मग मामींपाशी येऊन थबकली.

"मामी, तुमी लय म्हाताऱ्या हायसा की वो!"

"व्हय गं बाई," मामी खुदकन हसल्या. "तुला कवा सांगावं, ह्येच कळंना."

चीक गार होत होता. मी सोऱ्या भरला आणि पोरीच्या हातात दिला.