ओळंबा, तीन संघटना आणि माझं ताट

मुलांनो, जगातली एखादी तरी भिंत सरळ उभी असेल यावर आमच्या तळमजल्यावरच्या इंजिनिअर आजोबांचा विश्वास नाही. निवृत्तीनंतर लोक हातात जपमाळ घेतात, यांनी खिशात ओळंबा ठेवला: दोऱ्याला बांधलेलं पितळी वजन. लग्नाचा मांडव असो की दवाखान्याचं दार, दोरा सोडून बघितल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. खारघरला आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा कप घेण्याआधी त्यांनी दाराची चौकट तपासली आणि "चालेल" म्हणाले. तुमचे आजोबा आठवडाभर खुशीत होते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना टेकडीखालच्या बालवाडीची भिंत कललेली दिसली. पावसाआधी काही केलं नाही तर ती मुलांवर पडणार, हे उघड होतं. महापालिकेने इंजिनिअरांच्या तीन संघटनांचा सल्ला मागितला, तर तीन तऱ्हेची पत्रं गेली. बांधकामवाले म्हणाले, भिंतीमागे पाणी साचतंय. यंत्रवाल्यांच्या मते दोष शेजारच्या पंपाच्या हादऱ्याचा. वीजवाल्यांनी भिंतीत रोवलेल्या दिव्याच्या खांबावर बोट ठेवलं. पालिका म्हणाली, आधी तुमचं एक होऊ द्या. मग इंजिनिअर आजोबांनी तिन्ही संघटनांच्या माणसांना भिंतीपाशी भर उन्हात उभं केलं आणि दुसऱ्याचं कारण नीट बघितल्याशिवाय सावलीत यायचं नाही, असा नियम घातला. अर्ध्या तासात तिघांचंही खरं ठरलं.

अहवाल माझ्या जेवणाच्या टेबलावर लिहिला गेला, पण पहिलं नाव कुणाचं यावर गाडी अडली. कुणाची संघटना जुनी, कुणाचे सभासद जास्त. शेवटी आजोबा म्हणाले, "नावं गोल लिहा. गोलात पहिला कोण?" टेबलाभोवती तिन्ही संघटनांचे मिळून सात इंजिनिअर, आणि एकाकडेही कंपास नाही! मी ताट आणून कागदावर पालथं घातलं. एकाने विचारलं, "वहिनी, हे नक्की गोल आहे ना?"

"चाळीस वर्षं आम्ही यात जेवतोय," मी म्हटलं, "अजून कुणाची तक्रार नाही."

पालिकेच्या साहेबांनी म्हणे कागद फिरवत फिरवत वाचला. पण पावसाआधी पाण्याला वाट मिळाली, पंप हलला, खांब निघाला आणि भिंत नव्याने उभी राहिली.

आजोबा अजून दर सोमवारी ती तपासायला जातात. हल्ली मात्र त्यांचा हात थरथरतो आणि वजन काही केल्या थांबत नाही. परवा त्यांनी दोरा माझ्याकडे दिला. "तुम्ही धरा, वहिनी. भिंत ठीक आहे, मीच हलतोय."

मी धरला. आत मुलं गाणं म्हणत होती. वजन हळूहळू स्थिरावलं. आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "चालेल."